भातखाचरात रेडॉक्स मोजायचाय: इलेक्ट्रोड स्वतः बनवावा, तयार प्रोब घ्यावा की लोहलेपाची नळी पुरावी?

खाचरात पाणी तुंबलं की मातीतला ऑक्सिजन संपतो आणि रेडॉक्स विभव (माती ऑक्सिजनयुक्त आहे की ऑक्सिजनविना, ते दाखवणारा विद्युतदाब) +४०० मिलिव्होल्टच्या वरून घसरत -२०० च्या आसपास येतं. तिथे मिथेन तयार व्हायला लागतो. ही घसरण मोजायची तर उपकरण अख्खा हंगाम चिखलात टिकलं पाहिजे.

स्वतः बनवलेल्या इलेक्ट्रोडमध्ये प्लॅटिनमचा छोटा तुकडा तांब्याच्या तारेला सोल्डर करून सांधा इपॉक्सीने बंद करतात. प्लॅटिनम टिकतं, दगा देतो तो सांधा. आत पाणी झिरपलं की तांबं आणि सोल्डरचं विभव मिसळून आकडा खाली येतो, आणि ओल्या मातीत तो खाली येणारच म्हणून कुणाला शंकाही येत नाही. त्यामुळे इपॉक्सीवर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवाच. पुरण्याआधी आणि काढल्यावर क्विनहायड्रोन (ठरावीक रेडॉक्स विभव देणारं रसायन) घातलेल्या बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, तपासा: संपृक्त केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडसमोर २५ अंशांना, सामू ४ असताना सुमारे २६३ आणि ७ असताना ८६ मिलिव्होल्ट यायला हवेत.

तयार प्रोबमध्ये एकाच काडीवर वेगवेगळ्या खोलीवर प्लॅटिनमची टोकं असतात. सीलबंदी चांगली, लॉगरला (आपोआप नोंद ठेवणाऱ्या यंत्राला) जोडणं सोपं. पण तो महाग, आणि माती वीतभर अंतरावरही बदलते. एका महाग काडीपेक्षा एकाच खोलीवर पाच घरगुती इलेक्ट्रोड मला जास्त भरवशाचे वाटतात.

लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिलेली पीव्हीसी नळी सगळ्यात स्वस्त. तीन-चार आठवड्यांनी उपसायची. लेप उडाला असेल तिथे ऑक्सिजनअभावी लोहाचं क्षपण होऊन ते विरघळलं. बिघडण्यासारखं काहीच नाही, पण मिलिव्होल्ट कळत नाहीत आणि कधी झालं तेही नाही. खाचराचा कुठला कोपरा तुंबतो एवढंच हवं असेल तर हीच घ्या.

इलेक्ट्रोड घरचा असो वा विकतचा, ज्याच्या स्थिर विभवाशी तुलना करून आकडा वाचतात तो संदर्भ इलेक्ट्रोड लागतोच, आणि प्लॅटिनमच्या कितीतरी आधी तो खराब होतो: आतलं केसीएल पाझरून पातळ होतं. तो पुरू नका. केसीएल घातलेल्या अगारने (जेलीसारख्या पदार्थाने) भरलेली पीव्हीसी नळी सॉल्ट ब्रिज म्हणून, म्हणजे माती आणि इलेक्ट्रोड जोडणारा क्षारांचा दुवा म्हणून, पुरा आणि वाचनापुरता इलेक्ट्रोड तिच्यात बुडवा. लॉगरवर सलग नोंद हवी असेल तर तो कायम जोडलेला राहणार. मग दर फेरीला दुसऱ्या, ताज्या इलेक्ट्रोडशी ताडून पाहा. साधा मल्टिमीटर टाळा, तो स्वतःच करंट ओढून आकडा हलवतो. आणि वहीत मूळ आकडाच लिहा. सिल्व्हर क्लोराइडवरचा आकडा प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मापात आणणारी १९९ मिलिव्होल्टची बेरीज नंतर, वेगळ्या रकान्यात.