रात्री दोन वाजता दुरुस्त कोण करणार? डायनॅमो, ट्यूबलेस आणि बाकी खरेदी, एका पावसाळ्यानंतर

मे महिन्यात सायकलवर एकदम खर्च केला. डायनॅमो हब, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच बसवलेला डायनॅमो, घालून पुढचं चाक नव्याने बांधून घेतलं, जर्मन दिवा मागवला, दोन्ही चाकांना ट्यूबलेस टायर बसवले, शिवाय नवी सीट आणि पूर्ण लांबीचे मडगार्ड. सायकल तीच, जुनी स्टीलची, डिस्क ब्रेकवाली. आता मार्च संपत आला. मध्ये अख्खा पावसाळा गेला, ताम्हिणीतलं पाणी अंगावर घेऊन झालं, हिवाळ्यातल्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईड, झाल्या. सामान घरी आल्याआल्या त्याचा अनुभव लिहिणं म्हणजे बारशाच्या दिवशी पोराची नोकरी ठरवणं, म्हणून इतके दिवस थांबले.

खरेदी पारखताना किती ग्रॅम वाचले हे मी बघत नाही. साताऱ्याच्या पुढे कुठेतरी, रात्री दोन वाजता हे बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, एवढंच बघते. ब्रेव्हेत मदतीची गाडी फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या नोंदणीच्या ठिकाणी चालते, मधल्या रस्त्यावर नाही. म्हणजे मी स्वतः, नाहीतर हायवेवरचा पंक्चरवाला. तिसरं कोणी नसतं.

आधी डायनॅमो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले आणि सगळ्यात जास्त प्रश्नही त्याबद्दलच येतात.

डायनॅमो म्हटलं की आमच्या वयाच्या लोकांना बाटली आठवते. टायरच्या कडेला घासत घरघरणारी, पावसात घसरणारी, आणि चौकात थांबलं की दिवा विझवणारी. बाबा ती फक्त पोलीस दिसला की टायरला टेकवायचे, कारण तेव्हा पुण्यात बिनदिव्याच्या सायकलवाल्याला हमखास अडवत. हब डायनॅमोचा तिच्याशी संबंध तत्त्वापुरताच. चाकाच्या मधोमध तारेचं वेटोळं, त्याभोवती फिरणारी लोहचुंबकं, बाहेर काहीच घासत नाही. माझं हब शिमानोचं, 6 व्होल्ट आणि 3 वॅटचं. रिम जुनीच ठेवली, पण स्पोक सगळे नवे घ्यावे लागले. डायनॅमो हबचा घेर मोठा असल्यामुळे जुने स्पोक लांब पडतात. चाक बांधणाऱ्याकडे जाताना हा खर्च धरूनच जा.

दिवा बुश अँड म्युलरचा आयक्यू-एक्स, 100 लक्सचा. आपल्याकडे दिवे ल्युमेनवर विकले जातात. हजार ल्युमेन, दोन हजार ल्युमेन. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण प्रकाश किती बाहेर पडतो, आणि लक्स म्हणजे रस्त्याच्या एखाद्या जागेवर तो पडतो किती. झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत गेलेला प्रकाशसुद्धा ल्युमेनमध्ये मोजला जातो. जर्मनीच्या वाहतूक नियमांप्रमाणे बनलेल्या दिव्याचा झोत वरून सरळ कापलेला असतो, मोटारीच्या डिपरसारखा. सगळा उजेड खाली, रस्त्यावर. पहिल्याच रात्री शिरवळच्या पुढे गेले तेव्हा रस्ता एका रुंद पट्ट्यासारखा समोर दिसत होता, आणि माझा जुना बॅटरीचा दिवा इतकी वर्षं मला फक्त एक पांढरा गोळा दाखवत होता हे लक्षात आलं.

दिवा हँडलवर न लावता खाली, फोर्कच्या वर लावला आहे. उजेड खालून आला की खड्ड्याची आणि रंग न मारलेल्या स्पीड ब्रेकरची सावली लांब पडते, त्यामुळे ते आधी दिसतात. तोटा असा की खड्डा किती खोल आहे ते कळत नाही. पण खोली मोजायला कोण थांबतंय, चुकवता आला म्हणजे झालं.

आता उणिवा. चढावर वेग सात-आठच्या खाली गेला की दिवा लुकलुकायला लागतो. खंबाटकी चढताना निम्मा वेळ तसाच जातो. तिथे ट्रकही आपल्याच वेगाने कण्हत चाललेले असतात आणि त्यांच्या उजेडात रस्ता दिसतो, पण पसरणीसारख्या घाटात मध्यरात्री एकटं असलं की ते लुकलुकणं नकोसं होतं. दुसरं म्हणजे झोत चाकाच्या दिशेनेच जातो. वळणदार उतारावर आपल्याला बघायचं असतं वळणाच्या आत, आणि उजेड पडतो कठड्यावर. तिसरं, वरून कापलेल्या झोतामुळे रस्त्यावर झुकलेली बाभळीची फांदी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. या तिन्हींवर उपाय एकच, हेल्मेटवर एक छोटा बॅटरीचा दिवा. डायनॅमो घेतला की तो लागणार नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. फरक एवढाच, की तो रात्रभर लागत नाही.

थांबल्यावर दिवा विझत नाही, आतल्या कपॅसिटरवर काही मिनिटं मंद जळत राहतो. टोलनाक्याच्या कडेला उभं राहून पाणी पिताना हे बरं वाटतं, खास करून बाईमाणसाला. टपरीवर "ताई, एकट्याच?" हा प्रश्न येतोच येतो. निदान उजेडात येतो.

ओढ किती जाणवते, हा ठरलेला प्रश्न. दिवा चालू असताना पाच-सात वॅट जातात. समोरून वारा असला तर तो याच्या कितीतरी पट खातो, आणि वाऱ्याबद्दल कोणी विचारत नाही. दिवा बंद असताना मला फरक कळलेला नाही.

मोबाइल चार्ज करायला वेगळं उपकरण घेतलं. त्यावर मी खूश नाही. वेग पंधराच्या वर असेपर्यंत ते नीट चालतं, घाटात काही देत नाही, आणि चार्जिंग सारखं तुटलं की फोन रुसतो. मध्ये पॉवर बँक ठेवून तिच्यातून फोन चार्ज केला तर जमतं. पण मग थेट दोन पॉवर बँका नेल्या तरी 400 किलोमीटरच्या ब्रेव्हेपर्यंत निभतं. 600 किंवा त्याहून मोठ्या ब्रेव्हे करणाऱ्यांनीच याचा विचार करावा.

आणि मूळ प्रश्न, दुरुस्तीचा. इथे डायनॅमो सगळ्यांच्या पुढे आहे. बिघडण्यासारखी एकच गोष्ट, वायर. सायकल बसच्या डिकीत घालताना ती हबपाशी ओढली गेली आणि निसटली. शिमानोच्या हबला उघड्या तारेची दोन टोकं प्लॅस्टिकच्या टोपीत दाबून बसवायची असतात, बस. ब्लेडने आवरण सोललं, तार पिळली, टोपी दाबली, दिवा लागला. हे मला जमलं नसतं तरी ट्रॅक्टरच्या वायरिंगवाल्या कुठल्याही पोराला जमलं असतं. 400 ला 27 तास मिळतात, त्यातली एक पूर्ण रात्र दिव्याचीच असते. त्या रात्री कुठली बॅटरी किती उरली याचं गणित डोक्यातून गेलं, यासाठी मी परत एवढे पैसे घालीन.

ट्यूबलेसचं उत्तर इतकं सरळ नाही.

टायर 32 मिलीमीटरचे घेतले. आधी 25 होते, नव्वद पीएसआय हवा. आता पन्नासच्या आसपास ठेवते. पुणे-सातारा रस्त्याच्या कडेवर हाताला जे सतत मुंग्यांसारखं यायचं ते संपलं. यातलं निम्मं श्रेय रुंदीचं आहे, ट्यूब नसण्याचं नाही. ज्यांना ट्यूबलेसच्या भानगडीत पडायचं नसेल त्यांनी निदान टायर रुंद घ्यावेत, फ्रेममध्ये बसत असतील तर. कंपनी कुठली हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही.

बसवणं हा एक सोहळा आहे. घरच्या पंपाने टायर रिमवर चढेना. शेवटी चाक घेऊन कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे, पण आपला बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह त्याच्या नळीत बसत नाही. पितळेचं छोटं अॅडॉप्टर लागतं, बोटाच्या पेराएवढं. ते लावल्यावर हवा एकदम भसकन गेली, टायर टपटप आवाज करत जागेवर बसला आणि तो म्हणाला, "ताई, स्कूटरचं पण असंच असतंय." असतंयच. फक्त स्कूटरच्या टायरमध्ये आपण दूध ओतत नाही.

हे दूध म्हणजे सीलंट. एका टायरमध्ये साधारण 45 मिली घातलं. भोक पडलं की ते हवेबरोबर बाहेर येतं आणि तिथेच साकळून भोक बुजवतं. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. महामार्गावर आमच्या बहुतेक पंक्चरना त्याच कारणीभूत. त्या तारांवर सीलंट रामबाण आहे. फलटण, बारामतीकडे सराटे, म्हणजे काटेरी फळं. तिकडे ट्यूबवर गेलं तर माणूस रस्त्याकडे कमी आणि टायरकडे जास्त बघतो. आता सराटा रुतला तरी मी काढत नाही, चालत राहते. मागून येणाऱ्याने "अगं, टायरमधून फेस येतोय" म्हटलं की समजायचं, काम चालू आहे.

पण सीलंट वाळतं. पावसाळ्यात चार महिने टिकलं. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून काडी घालून बघावं लागणार असं दिसतंय. टायरच्या आत रबराची पापुद्र्यांसारखी साय धरते, ती कधीतरी सोलून काढावी लागते. व्हॉल्व्हही त्याने चोंदतो. आठवड्यातून एकदाच सायकल काढणाऱ्याने हा संसार मांडू नये. त्याला ट्यूब बरी.

खरी परीक्षा झाली कराडच्या अलीकडे. दगडाच्या धारेने टायरची बाजू चिरली. अशी चीर सीलंटने बुजत नाही, भोकात खुपसायची रबराची वातही तिथे धरत नाही. पहाटे चार, हायवेवरचं दुकान उघडं, दुकानदार मदतीला तयार. पण ट्यूबलेस म्हटल्यावर त्याने मोटारीच्या टायरला लावायची जाड वात काढली. ती माझ्या टायरमध्ये गेली असती तर चीर दुप्पट झाली असती. म्हणजे शेवटी ट्यूब घालायचीच वेळ आली. ती घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवलं आणि थक्क झाले. सीलंटने गुपचूप पचवलेले सराट्याचे काटे आणि तारांचे तुकडे आत तसेच होते, ट्यूबची वाट बघत. ते सगळे एकेक करून काढावे लागले. चिमटा जवळ ठेवा, नखांनी निघत नाहीत. चिरेच्या आतून काहीतरी कडक लावायला हवं होतं, नाहीतर ट्यूब बाहेर फुगते. दुकानासमोर गुटख्याच्या पुड्यांचा सडा होता. महाराष्ट्रात गुटख्याला 2012 पासून बंदी आहे. पुडीची दुहेरी घडी पुण्यापर्यंत टिकली.

तेव्हा ट्यूबलेस घेतलं तरी एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, वाती, चिमटा आणि ते पितळी अॅडॉप्टर बरोबर हवंच. सामान कमी होत नाही, फक्त पिशवीतून बाहेर काढायची वेळ कमी येते. मी ट्यूबलेसवर राहणार आहे, पण सराट्याच्या प्रदेशात न जाणाऱ्याला आग्रह करणार नाही.

बाकीचं थोडक्यात. मडगार्ड घेतल्यावर कळलं की त्यांचा फायदा मागच्याला जास्त. जुलैच्या राईडमध्ये माझ्या चाकामागे अचानक गर्दी वाढली. ताम्हिणीतली तांबडी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये थापली जाते, तेव्हा बोटभर जागा ठेवूनच बसवा. त्याच मातीने ब्रेक पॅड खाल्ले. रेझिनचे पॅड दोन उतारांत धातूपर्यंत गेले. पावसाळ्यापुरते सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, लावले, ते कर्कश ओरडतात पण टिकतात.

सीटबद्दल बायकांसाठी मुद्दाम लिहिते. दुकानात "लेडीज" म्हणून जी गुबगुबीत जेल सीट पुढे करतात ती साठ किलोमीटरनंतर शत्रू होते. मऊ सीटमध्ये हाडं बुडतात आणि भार नको तिथे येतो. घरी पायरीवर जाड पुठ्ठा ठेवून त्यावर पुढे वाकून बसा, उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा आणि त्यापेक्षा थोडी रुंद, कडक, मध्ये खाच असलेली सीट घ्या. माझी तशी आहे, आणि ती आहे हे आता आठवावं लागतं. चामड्याच्या सीटचा मोह मलाही होता. पण जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, सीटचं काय होईल ते दिसतच होतं.

मागच्या दिव्याने मात्र निराशा केली. नावाजलेल्या कंपनीचा, चार्जिंगचा. पाणी लागणार नाही असं खोक्यावर लिहिलेलं, पण चार्जिंगच्या तोंडावरची रबरी टोपी एका महिन्यात सैल पडली आणि ऑगस्टमध्ये आत पाणी गेलं. खोक्यावरचे आकडे नीट वाचा. आयपीएक्स 4 म्हणजे शिंतोडे सोसेल एवढंच. आयपीएक्स 7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. आणि दोन्ही आकडे टोपी घट्ट असेपर्यंतच. सध्या साध्या पेन्सिल सेलचे दोन दिवे लावते, एक चालू, एक राखीव. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. पुढच्या डायनॅमोवरूनच मागे वायर न्यायची आहे, मडगार्डच्या आतल्या बाजूने, पावसाळ्याच्या आधी. तेवढं झालं की मागच्या दिव्याचं चार्जिंगही सुटेल.

पितळी अॅडॉप्टर मात्र दोन घ्या. एक गवतात पडतंच.