‘कोण लागतोस तू त्याचा?’ : झेवियर डोलनचा ‘टॉम ॲट द फार्म’

सुरुवातीलाच कागदी रुमालावर निळ्या शाईचं पेन फिरताना अगदी जवळून दिसतं. शाई कागदात पसरते, अक्षरं फुटतात. लिहिणाऱ्याचा जोडीदार गेलाय, आणि त्याला रडता येत नाहीये, कारण दुःखाला आणखी कोणते शब्द आहेत हेच तो विसरलाय. जाहिरात कंपनीत शब्द लिहून पोट भरणाऱ्या माणसाची ही अवस्था! मग वरून दिसणारी गाडी, दोन्ही बाजूंना सपाट शेतं आणि वाद्यांच्या साथीशिवाय एका बाईच्या आवाजातलं फ्रेंच गाणं. पाच मिनिटांत कळतं की पुढे काही हलकं बघायला मिळणार नाही.

कॅनडाच्या क्विबेक प्रांतातला हा फ्रेंच चित्रपट २०१३ सालचा. मिशेल मार्क बुशार यांच्या त्याच नावाच्या नाटकावर बेतलेला. दिग्दर्शक डोलनचा हा चौथा चित्रपट. तेव्हा तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता आणि टॉमची भूमिकाही त्यानेच केली आहे. व्हेनिसच्या महोत्सवात याला समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे फिप्रेस्कीचा पुरस्कार मिळाला. लांबी पावणेदोन तासांच्या आसपास.

टॉम मॉन्ट्रियलहून गियोमच्या अंत्यविधीसाठी त्याच्या गावच्या डेअरी फार्मवर येतो. गियोमच्या आईला, अगातला, टॉम कोण हे माहीत नाही. आपल्या मुलाचं पुरुषावर प्रेम होतं हेही माहीत नाही. थोरल्या भावाला, फ्रान्सिसला, मात्र सगळं ठाऊक आहे. पहिल्याच रात्री तो अंधारात टॉमला अंथरुणात दाबून धरतो आणि बजावतो : आईला यातलं काही कळता कामा नये. गियोमची सारा नावाची मैत्रीण होती, हे खोटं टॉमने चालू ठेवायचं.

मयताच्या घरी अनोळखी माणूस आला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही त्यांचे कोण?’ हा चित्रपट त्या एका प्रश्नावर उभा आहे. ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटात आनंद वडील गेल्यावर गावी दहा दिवसांचा दुखवटा पाळतो तेव्हा तो निदान मुलगा असतो. विधीत त्याची जागा ठरलेली असते, रडला तर कुणी कारण विचारत नाही. टॉमला तीही जागा नाही. चर्चमध्ये दोन शब्द बोलायची वेळ येते आणि त्याच्याकडून बोलणं होत नाही. ज्या दुःखाचं नाव घ्यायची सोय नाही ते कुठून तरी वाट काढणारच. इथे ते फ्रान्सिसच्या दिशेने जातं. त्याचा आवाज गियोमसारखा आहे. तो मारतो, आणि तरी टॉम थांबतो.

सर्वांत चांगला प्रसंग स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा. सारा आली नाही म्हणून अगात चिडलेली आहे. टॉम तिचा निरोप सांगायला लागतो आणि सांगता सांगता साराच्या तोंडून स्वतःचंच बोलायला लागतो : गियोमचं शरीर, त्याचा स्पर्श, त्याच्यावाचून उरलेली पोकळी. त्याच्या दुःखाला पहिल्यांदा वाट मिळते ती एका खोट्या बाईच्या नावाने. आणि मुलावर कुणी इतकं प्रेम केलं होतं या आनंदाने आई खुलते. लीझ रॉयचं काम इथे बघावं. अगातला खरंच काही माहीत नाही, की माहीत करून घ्यायचं नाही, हे ती शेवटपर्यंत उघड करत नाही.

गोठ्यातल्या टँगोचा प्रसंगही असाच. सिमेंटची जमीन, दोन पुरुष, एक दुसऱ्याला घट्ट धरून नाचवतोय. पिएर-ईव्ह कार्दिनालने फ्रान्सिस नुसता राक्षस केलेला नाही. त्याला टॉम हवा आहे, घरात माणूस हवं आहे, आणि ते मागायची त्याला एकच भाषा येते, हाताची. म्हणून त्याची भीती जास्त वाटते.

आता तांत्रिक बाजू, कारण ती नीट दिसली नाही तर चित्रपट अर्धाच दिसतो. बहुतेक भागात चौकटीचं, म्हणजे रुंदीचं उंचीशी, प्रमाण १.८५:१ आहे. हिंसा जवळ आली की वरून आणि खालून काळ्या पट्ट्या हळूहळू आत सरकतात आणि चौकट २.३५:१ होते. मक्याच्या शेतातल्या पाठलागात हे स्पष्ट दिसतं. सुकलेली पानं सुरीसारखी कापतात, टॉम पळतोय, आणि पडदाच त्याचा गळा आवळतोय. साध्या १६:९ टीव्हीवर मोजलं तर चित्र पडद्याच्या उंचीच्या सुमारे ९६ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर येतं. पट्ट्या इतक्या हळू येतात की डोळ्याला उशिरा कळतं, छातीला आधी. छायाचित्रकार आंद्रे तुर्पां चेहऱ्याच्या फार जवळ जातो, त्यामुळे मागून कोण येतंय ते टॉमइतकंच आपल्यालाही दिसत नाही.

म्हणून टीव्हीवर ‘झूम’ किंवा ‘फुल स्क्रीन’ लावू नका, मूळ प्रमाणच ठेवा. २०:९च्या मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ताणून पडदा भरला तर वरखालचा भाग कापला जातो आणि त्या पट्ट्या जवळजवळ नाहीशाच होतात. खोली अंधारी हवी.  भाषा क्विबेकची बोली फ्रेंच आहे. पॅरिसची फ्रेंच शिकलेल्यांनाही सबटायटल लागतील.

उणिवाही आहेत. गॅब्रिएल यारेदचं संगीत सुंदर आहे, पण काही ठिकाणी भीती येण्याआधीच तंतुवाद्यं ती जाहीर करून टाकतात. टॉम निघून जाऊ शकत असताना का राहतो, हा कथेचा कणा. तो मधल्या भागात घाईने उरकलाय. शहरी वळणाचा माणूस गाईंचं दूध काढायला, जन्मणाऱ्या वासराला बाहेर ओढायला कधी रुळला, याचे आणखी दोन-तीन दिवस दिसायला हवे होते. नाटकात हे संवादांनी भरून निघतं. इथे संवाद कापलेत आणि त्यांच्या जागी पुरेसं काही आलेलं नाही. सारा खरोखर घरी येते तो भाग तिचं काम करणाऱ्या एव्हलिन ब्रोशूमुळे तरतो, पण तिच्या येण्याने आवळलेली गाठ सैल पडते. शेवटी फ्रान्सिसच्या पाठीवर ‘यूएसए’ लिहिलेलं जॅकेट आणि त्यावर रूफस वेनराइटचं अमेरिकेला वैतागलेलं गाणं, हा इशारा जरा जास्तच ठळक.

गळा दाबणं, मारहाण, समलिंगी माणसांना दिल्या जाणाऱ्या शिव्या आणि मेलेलं वासरू, हे सगळं यात आहे. नुकतंच कुणी गमावलं असेल तर एकट्याने बघू नये. थरारपट म्हणून लावणाऱ्यांची मात्र थोडी निराशा होईल, कारण धक्के मोजकेच आहेत.

गावातल्या बारमध्ये टॉमला एक जुनी हकिकत कळते. ती लक्ष देऊन ऐका, तिथे मोबाइल बघू नका. नंतर पेट्रोल पंपावर काही सेकंद एक चेहरा दिसतो. त्याच्यावर एकही संवाद नाही.