आठ महिने एनजिनएक्स: फाउंड्रीच्या पत्त्यावर साड्या

बेळगावात उद्यमबागेतली एक फाउंड्री आणि शहापुरातलं एक साड्यांचं दुकान, अशा दोन साईट मी सांभाळतो. आधी दोन्ही शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांच्या साईट असलेल्या सामायिक सर्व्हरवर) अपाचीत होत्या. अपाची काय, एनजिनएक्स काय, दोन्ही वेब सर्व्हर, म्हणजे साईटची पानं ब्राउझरला पुरवणारी सॉफ्टवेअरं. गणपती गेल्यावर दोन्ही एका भाड्याच्या सर्व्हरवर आणल्या. १ जीबी रॅम, उबुंटू, आणि अपाचीच्या जागी एनजिनएक्स. वेगाबद्दल, मेमरीबद्दल आठ महिन्यांत एक तक्रार नाही. इगोर सिसोयेव्ह यांनी २००४ साली हा सर्व्हर जगापुढे आणला तो एकाच वेळी हजारो जोडण्या पेलायला. आमच्याकडे एका वेळी दहा माणसं आली तरी दिवाळी. त्यामुळे चालताना तो कसा चालतो हे सांगण्यात अर्थ नाही. अडला की काय होतं ते सांगतो.

डिसेंबरात फाउंड्रीच्या मालकांचा फोन. ‘अरे, आमची साईट उघडली की साड्या दिसायल्यात की!’ मी लॅपटॉपवर उघडली, व्यवस्थित. म्हटलं, ‘काका, कॅशे साफ करा.’ (आपल्याला काही सुचेना की समोरच्याला कॅशे साफ करायला लावायची, ही आमच्या धंद्याची जुनी खोड.) त्यांनी केली. साड्या तशाच. ऑफिसच्या वायफायवर साईट बरोबर, मोबाईलच्या नेटवर मात्र आधी सर्टिफिकेटचा इशारा आणि काकांनी बिनधास्त ‘पुढे जा’ दाबलं की इरकली काठ!

माझा अर्धा दिवस डीएनएसवर (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) संशय घेण्यात गेला. कॉन्फिग (सर्व्हरच्या सेटिंगच्या फायली) तपासायची आज्ञा, ती ‘हायफन टी’वाली, दरवेळी सगळं ठीक म्हणून सांगत होती. तीच कॅपिटल टी लावून चालवली की सगळ्या फायली जोडून अख्खं कॉन्फिग एकत्र छापते. ते वाचायला बसलो तेव्हा दिसलं: साडीवाल्यांच्या ब्लॉकमध्ये (कॉन्फिगमधला त्या साईटचा भाग) ‘लिसन’च्या, म्हणजे कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते सांगणाऱ्या, दोन ओळी: आयपीव्ही ४ या इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीसाठी एक आणि ६ या नव्या पद्धतीसाठी एक. फाउंड्रीच्या ब्लॉकमध्ये ४ चीच. डीएनएसमध्ये मात्र दोन्ही डोमेनना दोन्ही पत्ते दिलेले. एनजिनएक्स आधी बघतो जोडणी कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पोर्टवर आली. डोमेनचं नाव त्यानंतर. मोबाईल ६ वरून यायचा, तिथे ब्लॉक एकच, साड्यांचा. नाव जुळो न जुळो, पाहुणा त्याच घरात. चूक माझी, एका ओळीची. व्याकरण बरोबर होतं, म्हणून तपासणीला काही खटकलं नाही. तेव्हापासून नवी साईट चढवली की कर्लने (आज्ञा देऊन पान मागवायचं साधन) ४ वरून आणि ६ वरून, दोन्हीकडून बघतो.

याहून गंभीर गोष्ट हसण्यासारखी नाही. एनजिनएक्स ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ फाईल (अपाचीत फोल्डरपुरते नियम लिहायची) वाचतच नाही. आतल्या पानांच्या लिंका ४०४ देऊ लागल्या तेव्हा हे लगेच कळलं; ‘ट्राय फाइल्स’ची एक ओळ घातली, सुटलं. पण त्याच फायलींमध्ये बॅकअपच्या फोल्डरला कुलूप होतं, तेही गेलं, आणि त्याची एरर कुठून येणार? अ‍ॅक्सेस लॉग (कोण काय मागून गेलं याची नोंदवही) चाळताना कुणा बॉटने त्या फोल्डरचं दार वाजवलेलं दिसलं तेव्हा पोटात गोळा आला. फाईल उचललेली नव्हती. अपाचीतून येणाऱ्यांनी साईट हलवण्याआधी प्रत्येक एचटीअ‍ॅक्सेस उघडून बघावी, आणि ‘चालतंय ना’वर जाऊ नये.

बाकीच्या अडचणी किरकोळ. पॅटर्नची ड्रॉइंग चढवताना ४१३ (फाईल फार मोठी), कारण मुळात मर्यादा १ एमबी. ती वाढवली तर पीएचपीची (साईट ज्या भाषेत लिहिलीय ती) २ एमबीची वेगळी. उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेल्यावर ५०२ (मागून नीट उत्तरच नाही): पीएचपी ८.१ ची ८.३ झाली, सॉकेटचं (एनजिनएक्स पीएचपीशी जिथून बोलतो ती फाईल) नाव बदललं, कॉन्फिगमध्ये जुनंच. एरर लॉगमध्ये ते जसंच्या तसं लिहिलेलं होतं. मराठी-कन्नड दरपत्रकाची साधी टेक्स्ट फाईल उघडली की नुसता कचरा. ‘कॅरसेट यूटीएफ-८’ लिहिल्यावर दोन्ही भाषा नांदू लागल्या. लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं सर्टिफिकेट डिस्कवर नवं झालं, पण रीलोड (फायली पुन्हा वाचणं) न झाल्याने सर्व्हर जुनंच दाखवत राहिला. सर्टिफिकेट वेबरूट पद्धतीने (साईटच्याच फोल्डरात तपासणीची फाईल ठेवून) घेत असाल तर रीलोडची आज्ञा नूतनीकरणालाच जोडून टाका.

ब्राउझर नुसता आकडा दाखवतो, त्यामागचं कारण बहुतेक वेळा एरर लॉगमध्ये असतं. पहिले दोन महिने मी आधी नेटवर उत्तरं शोधायचो, लॉग सगळ्यात शेवटी. आता उलटं करतो, आणि ५०२ पाच मिनिटांत सुटतो. साड्यांसारखी भानगड मात्र लॉगमध्येही सापडत नाही, कारण सर्व्हरच्या लेखी काही चुकलेलंच नसतं.

निपाणीचे एक गिऱ्हाईक परवा तिसरी साईट घेऊन आले. त्यांचा मुलगा स्वतःच एचटीअ‍ॅक्सेसमध्ये हात घालतो, आठवड्याला काहीतरी बदलतो. त्यांना मी अपाचीवरच ठेवलंय.