रात्री दोन वाजता कुठे न्यायचं: योजनेतलं रुग्णालय की जवळचं?

सासऱ्यांच्या छातीत रात्री दुखायला लागलं तेव्हा आम्ही त्यांना घराजवळच्या रुग्णालयात नेलं. रेशनकार्ड पिशवीत होतं. ते रुग्णालय राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नाही, हे डिपॉझिटच्या खिडकीशी उभं राहिल्यावर कळलं. ही योजना कॅशलेस आहे. बाहेर भरलेले पैसे नंतर कागद दाखवून परत मिळत नाहीत. म्हणून घरात म्हातारं माणूस किंवा हृदयरोगी असेल त्या प्रत्येकाला मी सांगते, योजनेतल्या आणि घराजवळच्या, दोन्ही रुग्णालयांत दिवसाउजेडी एक चक्कर मारून या.

आधी डॉक्टरचं बघा. कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, रुग्णाला पहिला हात कोण लावणार? एमडी किंवा डीएनबी इमर्जन्सी मेडिसिन म्हणजे एमबीबीएसनंतर तातडीच्या उपचारांचंच तीन वर्षांचं शिक्षण. आपल्याकडे या विषयाला स्वतंत्र मान्यता मिळाली ती 2009 मध्ये, त्यामुळे असे डॉक्टर अजून प्रामुख्याने मोठ्या शहरांतच भेटतात. पाटीवर ‘एमईएम’ दिसलं तर ते खासगी रुग्णालयात परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने घेतलेलं प्रशिक्षण असतं. काम शिकून आलेले चांगले डॉक्टर त्यांतही आहेत, पण राष्ट्रीय वैद्यक आयोग ती पदव्युत्तर पदवी मानत नाही. लहान रुग्णालयांत रात्री एमबीबीएस सीएमओ (कॅज्युअल्टीचा ड्युटी डॉक्टर) असतो, पुष्कळ ठिकाणी आयुर्वेदाचा बीएएमएस किंवा होमिओपॅथीचा बीएचएमएस आरएमओ (निवासी डॉक्टर). खटकतं ते हे की पाटीवरचे एमडी दिवसा भेटतात आणि रात्री ड्युटीवर दुसरंच कोणी असतं. तेव्हा सरळ विचारा: रात्री कोण असतं, छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत निघतो का, आणि तो हृदयरोगतज्ज्ञाला लगेच दाखवला जातो का? याची ठाम उत्तरं देणारा अनुभवी एमबीबीएस मला घरी झोपलेल्या एमडीपेक्षा जवळचा वाटतो. नोंदणी क्रमांक मिळाला की महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर पदवी पडताळता येते.

आता पैशांचं. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि 2024 पासून पांढरं रेशनकार्डही चालतं. यादीतल्या प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो, तो रुग्णालयाला योजनेकडून मिळतो, रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. पण ‘आम्ही योजनेत आहोत’ एवढ्यावर थांबू नका. मान्यता विषयवार असते. हाडांसाठी योजनेत असलेलं रुग्णालय हृदयासाठी असेलच असं नाही. आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलाशी जाऊन अँजिओप्लास्टीचं (हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडण्याचं) नाव घेऊनच विचारा. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. ही सोय रात्री तिथे खरोखर वापरली जाते का, हेही त्याच टेबलाशी विचारून घ्या.

योजनेबाहेरच्या रुग्णालयात प्रत्येक गोष्टीचं वेगळं बिल लागतं. तरीही जीव धोक्यात असलेल्या माणसाला पैशांसाठी दारातून परत पाठवता येत नाही. जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं, आणि तातडीचे उपचार देण्याचं बंधन राज्याच्या खासगी रुग्णालयांसाठीच्या 2021 च्या शुश्रूषागृह नियमांतही आहे. ट्रस्टचं रुग्णालय असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सिव्हिल आणि ग्रामीण रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, मात्र वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. रस्ते अपघाताला 2025 पासून केंद्राची वेगळी योजना आहे: सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत.

मग कुठे जायचं? दोन्ही रुग्णालयं अर्ध्या तासाच्या आत असतील आणि योजनेतल्या ठिकाणी कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) रात्री चालू असेल, तर मी डोळे झाकून तिकडेच जाईन. ते तासाभरावर असेल तर आधी जवळचं रुग्णालय. ईसीजी निघू दे आणि लागत असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पडू दे, ते लहान रुग्णालयातही देता येतं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर रुग्णवाहिकेतून योजनेच्या रुग्णालयात हलवायचं. डिपॉझिटच्या भीतीने छातीत दुखणाऱ्या माणसाला तासभर गाडीत बसवू नका, कारण त्या तासात हृदयाचा जो स्नायू मरतो तो पुन्हा जिवंत होत नाही. पक्षाघाताला मात्र हा हिशेब बदलतो. तिथे सीटी स्कॅन लागतो आणि इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची, म्हणून ज्या रुग्णालयात रात्री सीटी होतो तिथेच थेट न्या.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे आता एक कागद चिकटवलेला आहे. दोन रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीचे नंबर, रुग्णवाहिकेचा 108, योजनेचा 155388, सासऱ्यांच्या गोळ्यांची नावं, आणि रेशनकार्ड व आधार कुठल्या कप्प्यात आहे ते. शेजारच्या मुलालाही तो कागद दाखवून ठेवलाय, कारण त्या रात्री मी घरी असेनच असं नाही.