सामान्य शाळा, विशेष शाळा की घरीच शिक्षण: कायद्याच्या आधारे कसं ठरवायचं

दिव्यांग मुलाने कुठे शिकायचं ही निवड शाळेने करायची नाही, हे आधी पक्कं करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं वयात परिसरातल्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. ‘विशेष शाळेत घाला’ हा मुख्याध्यापकांचा सल्ला असतो, आदेश नव्हे. कलम १६ प्रमाणे सरकारमान्य खासगी शाळेलाही प्रवेशात भेदभाव करता येत नाही.

सामान्य शाळेचं खरं मोजमाप म्हणजे विशेष शिक्षक. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, तर पुढच्या वर्गांसाठी १५ मागे एक असं प्रमाण घालून दिलं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी एकच फिरता शिक्षक अनेक शाळा सांभाळतो. म्हणून ‘सोय आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोणत्या वारी, किती तास आणि वर्गात की वेगळ्या खोलीत, ते विचारा. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलासाठी स्वतः चक्कर मारा. रॅम्प एक फूट चढायला किमान बारा फूट लांब हवा. अनेकदा रॅम्प धड असतो, पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. तो तळमजल्यावर आणायला शाळेला खर्च येत नाही. तशी लेखी मागणी करा. अडचण फक्त चालण्याची असेल, तर विशेष शाळेचा विचारही करू नये.

कर्णबधिर मुलाचं गणित वेगळं. सांकेतिक भाषा येणारं कुणीच नसलेल्या वर्गात ते दिवसभर नुसतं बसून राहतं. सुरुवातीची वर्षं तरी चांगली विशेष शाळा उजवी ठरते. अंध मुलाला ब्रेल आणि पांढऱ्या काठीचं प्रशिक्षणही विशेष शाळेत नियमित मिळण्याची शक्यता जास्त. मात्र शाळा कितवीपर्यंत आहे आणि दहावीला बोर्डाची परीक्षा देता येते का, हे प्रवेशाआधीच विचारा.

गृहाधारित शिक्षण हा २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात आलेला पर्याय. तो बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी आहे आणि तोही पालकांनी मागितला तर. नकोसं मूल पटावर ठेवून घरी बसवायला शाळा त्याचा वापर करतात. मूल दोन तास जरी वर्गात बसू शकत असेल, तरी हा पर्याय घेऊ नका. घ्यावाच लागला, तर शिक्षकाच्या भेटींचं वेळापत्रक लेखी मागा.

वयाकडेही लक्ष असू द्या. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखीव ठेवलेल्या २५ टक्के जागा फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गात मिळतात आणि हा कायदा १४ व्या वर्षी थांबतो. आठवीनंतर ‘आता फी भरा’ असं सरकारी किंवा अनुदानित शाळेने म्हटलं, की दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ३१ चा हवाला द्या.

नकार मिळाल्यास तो लेखी मागा. शाळा देणार नसेल, तर स्वतः अर्ज देऊन पोच घ्या. त्याच अधिनियमाखालच्या २०१७ च्या नियमांनुसार जिल्हा शिक्षण कार्यालयात यासाठी समन्वय अधिकारी असायला हवा. पहिली तक्रार त्यांच्याकडे, दुसरी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे.