सहा अँटेना, आठ महिने आणि रात्रीचे सव्वादहा

रात्री सव्वादहा वाजले की माझा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, चढायचा. दिवसा व्हॅलोरंट या ऑनलाइन गेममध्ये ८-१० मिलिसेकंद. सर्व्हर मुंबईतच आहे, विक्रोळीत बसून एवढं मिळायलाच हवं. सव्वादहानंतर मात्र कधी २५०, कधी ४००. कोपऱ्यावरून डोकावावं तर कळायचं, आपण मघाशीच मेलोय. इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याचं ठरलेलं उत्तर: "लाइन क्लिअर आहे साहेब, राउटर बदलून बघा." त्याने दिलेला फुकटचा डबा तसाही चार वर्षं जुना होता. म्हणून गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये साडेआठ हजारांचा वाय-फाय ६ वाला 'गेमिंग' राउटर घेतला. सहा अँटेना, समोर लाल पट्टी. आईने बॉक्समधून बाहेर येताना पाहिला आणि म्हणाली, "हे उलटं पडलेलं झुरळ कुठून आणलंस?"

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे जे लिहितोय ते या किमतीतल्या बहुतेक राउटरना लागू आहे, आणि माझी अर्धी लढाई राउटरशी नव्हतीच.

पहिल्या आठवड्याचा निकाल: काहीही फरक नाही. अ‍ॅपमधलं 'गेमिंग मोड'चं बटण दाबलं, लाल पट्टी हिरवी झाली, पिंग ३८०. साडेआठ हजारांची हिरवी पट्टी.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. पीसीवर कमांडच्या दोन खिडक्या उघडल्या. एकीत राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला सतत पिंग; दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर गूगलच्या सर्व्हरला. साधा हिशेब आहे. पहिल्या खिडकीतले आकडे नाचले तर भानगड घरात. पहिली शांत आणि फक्त दुसरी नाचली तर भानगड राउटरच्या पलीकडे, किंवा राउटरमधून बाहेर पडायच्या दारात. माझी पहिलीच खिडकी नाचत होती: ३, ४, ६८, ३, ११२. पाच फुटांवरच्या राउटरला ११२! अंतर पाच फूट असलं तरी मध्ये भिंत आणि गोदरेजचं कपाट.

कारण लाजिरवाणं निघालं. पीसीतला वाय-फायचा डोंगल जुना, फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. आमची इमारत म्हाडाची, घरं एकमेकांना खेटून. फोनवर स्कॅन केलं तर २७ नेटवर्क दिसली. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सत्तावीस बिऱ्हाडं आणि तीन नळ. त्यात शेजारच्यांचा मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात गुणगुणतो. नवा डोंगल घेण्यापेक्षा लॅमिंग्टन रोडवरून १५ मीटरची कॅट सिक्स नेटवर्क वायर आणली आणि दाराच्या चौकटीवरून, देव्हाऱ्याच्या मागून ओढून घेतली. खिळे मारताना आईने गणपती हलवू दिला नाही, म्हणून तिथे वायरीला वळसा आहे. पहिली खिडकी त्या दिवसापासून १ च्या वर गेलेली नाही.

पण सव्वादहाचं दुखणं तसंच. फक्त आता पहिली खिडकी शांत आणि दुसरी ३५०.

याचं कारण कळायला मला जानेवारी उजाडला. एका रात्री मॅचमध्ये मरून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर आई फोन चार्जिंगला लावत होती. घड्याळात सव्वादहा. तिचा फोन चार्जिंगला लागला की दिवसभरातले फोटो आणि भजनी मंडळाचे व्हिडिओ बॅकअपला जातात. मी चार्जर काढला. पिंग ९. लावला. दोन मिनिटांत ३४०.

झालं काय होतं, तर प्लॅन ५० एमबीपीएसचा आणि आईचा फोन अपलोडचा सगळा रस्ता भरून टाकायचा. नव्या राउटरच्या पुढे लागलेला केबलवाल्याचा डबा डेटाची जादा पाकिटं फेकून न देता रांगेत उभी करत राहायचा. पोळीभाजी केंद्रावर पुढची बाई पन्नास पोळ्यांची ऑर्डर घेऊन उभी असावी आणि आपल्याला एकच हवी असावी, तसं. माझी गोळी झाडल्याचं पाकीट इवलंसं, पण उभं पन्नास पोळ्यांच्या मागे. याला बफरब्लोट म्हणतात. स्पीड टेस्टमध्ये हे सहसा दिसत नाही, कारण वेग पूर्ण मिळतच असतो.

यावरचा इलाज या राउटरमध्ये होता, पण 'गेमिंग'च्या पानावर नाही. 'अ‍ॅडव्हान्स्ड'च्या पोटात, तिसऱ्या पानावर, एसक्यूएम नावाने, म्हणजे रांग सांभाळणारी सोय. त्यात केक ही रांग लावायची पद्धत निवडली आणि दोन्ही दिशांना वेग ४३ टाकला. रात्री मोजलेला खरा वेग ४८ होता, त्याच्या थोडा खाली. खाली का, तर रांग केबलवाल्याच्या डब्यात न लागता माझ्या राउटरमध्ये लागावी, जिथे प्रत्येकाला आळीपाळीने पुढे सोडणारा कुणीतरी बसलाय. बॅकअप चालू असताना पिंग आता १२ ते १४. पाच एमबीपीएस गेले, गेमचा अपडेट उतरायला थोडा जास्त वेळ लागतो, मला चालतं. तुमचा प्लॅन ३०० किंवा त्याहून मोठा असेल तर मात्र या कामात स्वस्त राउटरचा प्रोसेसर धापा टाकतो, हे घेण्याआधी बघा.

नाशिकच्या मित्राशी गेमच्या पार्टीत आवाज जुळत नव्हता, स्क्रीनवर 'स्ट्रिक्ट नॅट'. नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेरच्या एकाच पत्त्यामागे बसवणं. केबलवाल्याचा डबा आणि माझा राउटर दोघंही नॅट करत होते. डबा ब्रिज मोडवर, म्हणजे नॅट न करता सगळं नुसतं पुढे सोडायच्या मोडवर, टाकून घेतला. तरी राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.७० ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की समजायचं, कंपनीनेच अनेक घरांना एका पत्त्यामागे बसवलंय. इथे राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून किंवा ते आपोआप उघडणारं यूपीएनपी चालू करून उपयोग नाही. स्टॅटिक आयपीचे, म्हणजे स्वतःच्या कायमच्या पत्त्याचे, कंपनीने वेगळे पैसे मागितले, मी दिले नाहीत. लॉबी आता मित्र उघडतो.

तक्रारी आहेतच. लॉगिन केल्याशिवाय अ‍ॅप राउटरला हात लावू देत नाही. मे महिन्यात हा राउटर इतका तापला की मी त्याला कपाटावरून काढून भिंतीवर उभा टांगला. आणि फोनचं ५ गिगाहर्ट्झ अधूनमधून आपोआप गायब व्हायचं. लॉगमध्ये कळलं, ऑटोवर ठेवल्याने राउटर चॅनेल १०० पकडायचा. तो रडारशी वाटून घेतलेला पट्टा. रडारची चाहूल लागली की राउटरला नियमाने तिथून उठावं लागतं आणि अर्धा तास परतता येत नाही. विमानतळ आणि वेरावलीचं हवामान रडार असलेल्या शहरात ऑटो ठेवूच नये. चॅनेल ३६ पक्का केल्यापासून एकदाही गेलेला नाही.

सिंगापूरच्या सर्व्हरवर पिंग ६० च्या आसपास मिळतो, तिथे कुठलीही अँटेना काही करू शकत नाही. समुद्राखालून जाऊन यायला प्रकाशालाच चाळीसेक मिलिसेकंद लागतात.

आज पुन्हा घेताना मी एसक्यूएम असलेला दोन अँटेनांचा साधा राउटर घेईन आणि उरलेल्या पैशांत १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. या पावसात लाइट दोनदा गेली, दोन्ही वेळा मॅच अर्धवट राहिली, आणि हिरवी पट्टीही विझली.