बोलणाऱ्या डेबियनसाठी वापरलेला थिंकपॅड टी480

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी शिकवते. डोळ्यांनी वाचणे गेली आठ वर्षे मला शक्य नाही, त्यामुळे संगणकावरचे माझे सगळे काम कानांनी चालते. गेल्या दिवाळीनंतर मी बेळगावातून लेनोवोचा वापरलेला थिंकपॅड टी480 साडेसतरा हजार रुपयांना घेतला आणि त्यावर डेबियन 13 ही लिनक्सवर आधारलेली, विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत सिस्टीम स्वतः बसवली. ज्यांना हेच करायचे आहे त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

याआधी 2022 साली मी एक कोरा, चांगला महागडा लॅपटॉप घेतला होता. डेबियन 11 चा पेन ड्राइव्ह लावला, पण कानावर काहीच येईना. शेजारी बसलेली भाची म्हणाली, "आत्या, स्क्रीनवर सगळं आलंय की!" तिच्या दृष्टीने यंत्र चालू होते, माझ्या दृष्टीने ते बंदच होते. दुकानदाराने खोका उघडल्याचे कारण सांगून तो परत घेण्यास नकार दिला. कारण नंतर कळले. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये आवाजाची चिप चालू होण्यासाठी फर्मवेअरच्या, म्हणजे त्या चिपला चालवणाऱ्या आज्ञावलीच्या, वेगळ्या फाइली लागतात. त्या पेन ड्राइव्हवर नसल्या, किंवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) त्या चिपच्या मानाने जुना असला, तर इन्स्टॉलर, म्हणजे सिस्टीम बसवणारा प्रोग्राम, मुका राहतो. जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून अशा फाइली मूळ प्रतीतच मिळू लागल्या, तरी बाजारात नुकत्याच आलेल्या यंत्राबाबत ही जोखीम राहतेच. म्हणून या वेळी मी मुद्दाम 2018 सालचे, लिनक्सवर खूप वापरले गेलेले मॉडेल निवडले आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातच आवाज ऐकायचा असे ठरवले.

खडेबाजाराच्या बाजूला दोन दुकानांत पेन ड्राइव्ह लावू दिला नाही. तिसऱ्या दुकानदाराने मात्र "लावा बाई, काय व्हायचं नाही" म्हणून यंत्र पुढे सरकवले. यंत्र कशावरून सुरू करायचे याची, एफ12 दाबल्यावर येणारी यादी बोलत नाही, तेवढी निवड भाचीने केली. मग इन्स्टॉलरची बीप ऐकू आली, त्याला बोलता करण्यासाठी मी 'एस' दाबले आणि इअरफोन कानाला लावून थांबले. साधारण अर्ध्या मिनिटाने इंग्रजीत आवाज आला: हे साउंड कार्ड ऐकू येत असेल तर एंटर दाबा. एचडीएमआय (टीव्ही किंवा मॉनिटर जोडायचे तोंड) हेसुद्धा वेगळे साउंड कार्ड म्हणून मोजले जाते, म्हणून एकापेक्षा जास्त कार्डे सापडली की इन्स्टॉलर प्रत्येकावर आळीपाळीने बोलून पाहतो; पहिल्या क्षणी शांतता असली तरी घाई करू नये. त्यानंतर प्रत्येक प्रश्नाचे पर्याय क्रमांकांसह वाचले जातात आणि आपण क्रमांक टाइप करायचा असतो. वायफाय सापडते का, एवढे पाहून मी यंत्र बंद केले. डिस्कचे भाग पाडून बदल कायम करण्यास होकार देईपर्यंत आधीच्या विंडोजला धक्का लागत नाही, हे दुकानदाराला आधीच सांगून ठेवले होते.

कीबोर्डवर बोटे फिरवून पाहण्यात मी बराच वेळ घालवला आणि तो वाया गेला नाही. एफ आणि जे वरचे उंचवटे स्पष्ट लागतात, कळांमध्ये पुरेसे अंतर आहे. डाव्या कोपऱ्यात कंट्रोलऐवजी एफएन आहे. सवय नसेल तर बायोसमध्ये (सिस्टीम सुरू होण्याआधीच्या यंत्राच्या सेटिंगमध्ये) दोन्हींची अदलाबदल करता येते. अंकांचा वेगळा भाग नाही, म्हणून ऑर्का या स्क्रीन रीडरची (पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामची) लॅपटॉप मांडणी निवडावी लागते, तिच्यात कॅप्स लॉक ही मुख्य कळ होते. स्पीकर तळाशी आहेत, त्यामुळे यंत्र गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावे.

बायोस मात्र बोलत नाही. डोळस माणूस शेजारी असतानाच बूटच्या क्रमात यूएसबी सर्वात वर आणून घ्यावी, म्हणजे पुढे पुन्हा सिस्टीम बसवायची वेळ आली तर कोणाची वाट पाहावी लागत नाही.

बॅटऱ्या दोन आहेत, एक आत आणि एक बाहेरून दोन खटके सरकवून निघणारी. बाहेरची बदलत असताना आतली यंत्र चालू ठेवते. पावसाळ्यात खानापूरकडे लाइट किती वेळ जाते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. जुन्या यंत्राची बॅटरी दमलेली असणारच, तेव्हा नव्या बॅटरीचा खर्च हिशेबात धरावा.

डेबियनमध्ये खिडक्या आणि मेनूंसाठी मी एमएटीई हा डेस्कटॉप घेतला आहे. ऑर्कासोबतच्या ईस्पीक एनजी या मजकुराचा आवाज करणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज आहेत, आणि आमच्या भागात दोन्ही लागतात: मुलांचे निबंध मराठीत, खात्याची परिपत्रके कन्नडमध्ये. ऑर्कामध्ये मी दोन्हींसाठी वेगळी प्रोफाइल करून ठेवली आहेत. आवाज यांत्रिक आहे आणि पहिला आठवडा मला शब्द ओळखायला त्रास झाला. शिवाय युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात) नसलेला, जुन्या नुडी किंवा श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर निरर्थक अक्षरांसारखा वाचला जातो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरून ज्यांचे काम नीट चालले आहे, त्यांनी केवळ हौसेखातर बदल करावा असे मी म्हणणार नाही. मला मात्र पहिल्या बीपपासून शेवटच्या रीस्टार्टपर्यंत प्रत्येक प्रश्न स्वतः ऐकून स्वतः उत्तर देता आले, आणि त्या संध्याकाळी भाची स्वयंपाकघरात होती.